वरील विषयास अनुसरून

"गुरुजी, इषय काय टाकायचा?"

आबा समोरच्या बाकड्यावर बसले होते आणि मी कोऱ्या कागदावर 'प्रति, मा. आमदार महोदय' एवढंच लिहून थांबलो होतो. नोव्हेंबर 2024चा शेवटचा आठवडा. विधानसभेचा निकाल 23 तारखेला लागला होता. मुंबईत मुख्यमंत्री कोण होणार ते अजून ठरायचं होतं, आणि इकडे हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात झेरॉक्सच्या दुकानात निवेदनांची रांग लागली होती.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी हा उद्योग करतो. दुकानातला पोरगा टाइप करतो आणि मी मजकूर सांगतो. टायपिंगचे पैसे पोरगा घेतो, मला चहा मिळतो. पाच वर्षांतून एकदा, निकालानंतरचे दोन महिने, हा चहा जरा जास्तच होतो.

आबांना एकाच कागदात चार गोष्टी हव्या होत्या: शेतातला डीपी जळाला आहे तो बदलून मिळावा, पांदण रस्ता व्हावा, मागच्या हंगामाचा पीकविमा मिळावा, आणि बँकेचं कर्ज माफ व्हावं. मी म्हटलं, "आबा, चार विषय असतील तर चार कागद करावे लागतील."

"एकातच बसवा की. चार कागद घेऊन चारदा हिंगोलीला कोन जाईल?"

एकदाच जायचं, पण कागद चारच. निवेदनात खरी किंमत 'विषय' या एका ओळीला असते. त्याखालची हकिकत, म्हणजे नापिकी, पोरीचं लग्न, वाहून गेलेला बांध, ही बहुधा कोणी वाचत नाही. स्वीय सहायक विषयाची ओळ वाचतो, कागद कुठल्या कार्यालयाचा ते ठरवतो आणि त्या गठ्ठ्यावर टाकतो. चार विषयांचा कागद चार गठ्ठ्यांवर टाकता येत नाही. तो टेबलाच्या कडेला राहतो आणि संध्याकाळी पंख्याच्या वाऱ्याने खाली पडतो.

आमदाराचा अग्रक्रम जाहीरनाम्यात ठरतो असं पेपर वाचणाऱ्यांना वाटतं. गेल्या तीसेक वर्षांत मी वेगवेगळ्या लोकप्रतिनिधींच्या बैठकीत, कधी शाळेच्या कामाने, कधी गावाच्या, सतरंजीच्या टोकाला बसलो आहे. मला दिसलं ते असं, की कुठल्या कागदाला सरकारी हिशेबात घर आहे यावर त्याचा क्रमांक लागतो. या घराला लेखाशीर्ष म्हणतात. आमच्याकडे चहाच्या टपरीवरही लोक 'पंचवीस-पंधरातून काम आणलं' असं बोलतात. 2515 हे ग्रामविकासाचं शीर्ष आहे. रस्ता आणि पुलांचं 5054, रस्त्यांच्या देखभालीचं 3054. आकडा पाठ असलेला सरपंच आणि नसलेला सरपंच यांत पाच वर्षांनी गावाच्या तोंडावळ्यात फरक दिसतो.

गोरेगाव सेनगाव तालुक्यात, हिंगोली विधानसभा मतदारसंघात आहे. राजकारण आम्हाला परकं नाही. 1999, 2004 आणि 2009 अशा तीन निवडणुका जिंकून भाऊराव पाटील गोरेगावकर या मतदारसंघाचे आमदार होते, म्हणजे पंधरा वर्षं गावाचं नाव विधानसभेच्या हजेरीपटावर होतं. 2014 पासून भाजपचे तानाजी मुटकुळे आमदार आहेत, 2024ला ते सलग तिसऱ्यांदा निवडून आले. त्यांच्याविरुद्ध मतयंत्रावर गोरेगावकर हे आडनाव होतंच. गावाच्या नावाचा आमदार असणं आणि नसणं, दोन्ही आम्ही अनुभवलं आहे. निवेदनाचा नमुना मात्र दोन्ही काळांत तोच राहिला. दुकानातल्या संगणकात फाईल एकच आहे.

आबांच्या डीपीपासून सुरुवात केली. डिसेंबर तोंडावर आला की आमच्याकडे डीपी जळण्याचा हंगाम येतो. सोयाबीन निघून गेलेलं असतं, हरभरा आणि गहू उगवून वर येतात, हळद अजून जमिनीत असते आणि सगळ्यांना एकाच रात्री पाणी द्यायचं असतं. सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की रोहित्र बसतं. या विषयाला निधी लागत नाही, फोन लागतो. आमदाराच्या दृष्टीने हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात तातडीचा कागद, कारण पाण्याची पाळी चुकली तर शेतकरी पाच वर्षं विसरत नाही. कागदात मी डीपीवरच्या ग्राहकांची संख्या, किती अश्वशक्तीच्या किती मोटारी, कोणाचं बिल किती भरलेलं, एवढंच लिहिलं. 'हरभरा वाळून चालला आहे' हे वाक्य आबांनी आग्रहाने घालायला लावलं. घातलं.

पांदणीला वेळ लागला. आम्ही पांदण म्हणतो, सरकारी कागद पाणंद म्हणतो, आणि एवढ्या फरकावरूनही एकदा कागद परत आलेला मी पाहिला आहे. गावातून शेतात जाणारी ही गाडीवाट. पावसाळ्यात तिच्यात बैल रुततो, मळणीयंत्र जात नाही, सोयाबीनची पोती डोक्यावरून आणावी लागतात. पण रस्त्यांच्या जातीव्यवस्थेत तिला स्थान नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रत्येकाला क्रमांक असतो. पांदणीला क्रमांक नाही. गावनकाशावर ती तुटक रेघ असते आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी एकेक तास नांगरून ती आणखी तुटक केलेली असते. अडवलेली वाट मोकळी करायची तर तहसीलदाराकडे 1906च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली जायचं. ती पक्की करायची तर 2021च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेत बसवायची, जी रोजगार हमीच्या पैशाशी जोडलेली होती. म्हणजे मजुरी आणि साहित्याचं साठ-चाळीसचं प्रमाण सांभाळणं आलं, आणि मुरमाच्या कामात ते कसं सांभाळायचं हे कंत्राटदारालाच माहीत.

"आबा, वाट मोकळी आहे का?"

"मोकळीच हाय. फक्त भावकीतल्या एकानं बांध सारलाय."

म्हणजे मोकळी नाही. आमदाराने निधी दिला तरी यंत्र बांधापाशी थांबणार. तेव्हा कागदाच्या आधी भावकी. हे निवेदनात लिहिता येत नाही, तरी अर्धी पांदण-निवेदनं इथेच अडतात. आमदारही ते ओळखून असतो. तो विचारतो, "सगळ्यांच्या सह्या आहेत का?" त्याला सह्यांशी कर्तव्य नसतं, भांडण आहे की नाही ते बघायचं असतं.

त्या वर्षी निवेदनांचा ढीग मोठा होता त्याला आणखी एक कारण होतं. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सदस्यांची मुदत मार्च 2022ला संपली आणि तेव्हापासून प्रशासक. पूर्वी नालीचा कागद पंचायत समिती सदस्याकडे जायचा, वर्गखोलीच्या पत्र्यांचा जिल्हा परिषद सदस्याकडे. तेव्हा ही मधली पायरीच नव्हती. हातपंपाच्या साखळीपासून धरणाच्या कालव्यापर्यंत सगळं एकाच माणसाच्या दारात. तालुक्याच्या वार्षिक आमसभेचं अध्यक्षपद आमदाराकडे असतं, तिथे अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तर द्यावं लागतं. पण पंचायत समितीत निवडलेला एकही सदस्य नसताना तिला पूर्वीचा जोर कुठून येणार होता? जो माणूस राज्याचे कायदे करायला मुंबईला पाठवायचा, त्याच्याकडून आम्ही नालीवरचं झाकण मागतो. हसू येतं, पण झाकण नसलेल्या नालीत पाय माझाही गेला आहे.

आता पैशाचा हिशेब. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये. मतदारसंघात दोनशे गावं धरली तर गावागणिक अडीच लाख. एवढ्यात सिमेंटचा एक तोकडा रस्ता होतो, वळणाच्या अलीकडे संपणारा. म्हणून कोणताही आमदार तो समान वाटत नाही, वाटूही शकत नाही. त्याने जिल्हा नियोजनकडे कामांची शिफारस करायची, मग यंत्रणा अंदाजपत्रक करणार, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. पहिल्या वर्षी सुचवलेलं काम बऱ्याचदा दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिसतं. माझं निरीक्षण असं, की पहिल्या दोन वर्षांत स्मशानभूमीची शेड होते आणि शेवटच्या वर्षात सभामंडप. स्मशानभूमीच्या उद्घाटनाला फ्लेक्स लावता येत नाही.

मोठी कामं या निधीतून होतच नाहीत. ती 'बजेटमध्ये घ्यावी' लागतात, नाहीतर पुरवणी मागण्यांमध्ये. नव्या विधानसभेने 7 ते 9 डिसेंबरला मुंबईत शपथा घेतल्या आणि अध्यक्ष निवडला. 16 डिसेंबरला नागपूरचं अधिवेशन सुरू झालं त्या दिवशीच 35,788 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. निकालानंतर तीन आठवडे झाले होते. ज्याचं अंदाजपत्रक आधीपासून तयार असेल त्याचंच काम एवढ्या घाईत आत शिरणार. गुलाल झटकून मग विचार करू म्हणणाऱ्याला मार्चची वाट बघावी लागते. अधिवेशन सहा दिवसांचं, त्यात परभणी आणि बीडमधल्या हिंसक घटनांनी सभागृह तापलेलं.

सभागृहात मांडण्याजोगा आमच्याकडचा खरा विषय पाणी आहे. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी वसमत, परभणी, नांदेडकडे जातं, आम्ही माळावर राहतो. 1984ला दांडेकर समितीने सिंचनाचा अनुशेष मांडला तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता, तो 1 मे 1999ला परभणीतून निघाला. अनुशेषावर बोट ठेवणारं मराठवाडा विकास मंडळ 30 एप्रिल 2020ला मुदत संपून गेलं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा ही हत्यारं आमदाराकडे आहेत. पण माझ्याकडे आजवर एकाही माणसाने येऊन 'गुरुजी, सिंचनाच्या अनुशेषावर लक्षवेधी लावा असा कागद करा' असं म्हटलेलं नाही. ज्याची मागणीच येत नाही त्याचा गठ्ठा कसा होणार? इथे मी आमदाराची बाजू घेतो, टपरीवर कोणाला पटत नाही.

पीकविम्याचा कागद लवकर उरकला. पावती, तक्रार नोंदवल्याचा क्रमांक, सातबारा. असे पन्नास कागद त्या आठवड्यात टाइप झाले, नाव आणि गट क्रमांक तेवढा बदलायचा.

राहिला चौथा.

"ह्यो इषय काय टाकायचा?" आबांनी पुन्हा विचारलं.

कर्जमाफीला राज्यात पूर्वी घर मिळालं आहे. 2017ला दीड लाखापर्यंत, 2019च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंत. आबा दोन्ही वेळा निकषाच्या पलीकडे राहिले, एकदा थकबाकीच्या तारखेमुळे, एकदा रकमेमुळे. आणि या विषयावर आमच्या गावाने आधीच एक कागद लिहिलेला आहे, तो सगळ्या देशाने वाचला. नोव्हेंबर 2023मध्ये गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपले अवयव विकत घ्या म्हटलं होतं. सोबत दर दिले होते: यकृत 90 हजार, किडनी 75 हजार, डोळे 25 हजार. तो मजकूर माझा नव्हता. पण इतकी वर्षं निवेदनं लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, त्या कागदात काहीही कमी नव्हतं. विषय एकच, मागणी स्पष्ट, बाबनिहाय दर, अंदाजपत्रकात असतो तसा. फक्त तो ठेवायला गठ्ठा कुठल्याच टेबलावर नव्हता.

मी आबांना म्हटलं, "तीन कागद आता देऊ. चौथा टाइप करून ठेवू, अधिवेशन बघून देऊ."

आम्ही सात-आठजण हिंगोलीला गेलो. गर्दी होती. कागद घेतले गेले आणि प्रतींवर पोच मिळाली. नंतर पत्रांवर शेरे उमटून ती कार्यालयांत गेली. शेऱ्यांची भाषा लोकांना आता कळते. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे अधिकारी मोकळा. 'तात्काळ कार्यवाही करून अहवाल सादर करावा' म्हणजे निदान एकदा फोन होणार.

डीपी नवव्या दिवशी आला. ट्रॅक्टरचं भाडं वर्गणीतून. पांदण मोजायला फेब्रुवारीत माणसं आली, बांधापाशी थांबली, चहा पिऊन गेली. आबांनी सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकलं, त्या वर्षीचा हमीभाव 4,892 होता. अर्थसंकल्प 10 मार्चला मांडला गेला, प्रचारात आश्वासन दिलेल्या कर्जमाफीचं शीर्ष त्यात नव्हतं. 28 मार्चला उपमुख्यमंत्र्यांनी बारामतीत सांगितलं, 31 तारखेच्या आत कर्ज भरा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आबा दुकानात आले. हळदीच्या काढणीने हातांच्या रेषा पिवळ्या झाल्या होत्या.

"तो चौथा कागद हाय का?"

पोराने फाईल उघडली. तारखेचं 2024 खोडून 2025 केलं. मजकुरात बदलण्यासारखं काही निघालं नाही, फक्त व्याजाचा आकडा वाढवला.

"आमदाराला का मुख्यमंत्र्याला?" मी विचारलं.

"दोघायलाबी."

"मग तीन प्रती काढ," मी पोराला म्हटलं. "एक पोच घ्यायला."