दुहेरी कुलपाचा खजिना

रोगाशी झुंजणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते प्रथिनांच्या द्वारे. रक्तातून वाहत आलेला हा दूत पेशीच्या आत शिरत नाही. तो तिच्या आवरणावर उभ्या असलेल्या ग्राहक-प्रथिनाला बिलगतो, आणि बाहेर झालेल्या या भेटीची वार्ता आत पोहोचते. ती कशी, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हे. २०२० साली करोनाच्या साथीत कित्येक रुग्णांना विषाणूइतकाच घातक ठरला तो अशा निरोपांचा अनावर कल्लोळ.

कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर याने १८९४ साली विकरांसाठी योजिली. ती सोयीची खरी, परंतु येथे अपुरी पडते. इंटरल्यूकिन-६ हा दूत घ्या. जपानमध्ये किशिमोतो, हिरानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली त्याचा जनुक वेगळा केला. हा दूत आपल्या खास ग्राहकाला चिकटला, तरी आत काहीच घडत नाही. सरकारी खजिन्याची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांवाचून उघडत नाही, तसाच हा प्रकार. दूत व ग्राहक यांची जोडी जीपी-१३० नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जुळावी लागते; मग अशी दोन त्रिकुटे एकत्र येऊन सहांचा मेळ बसतो. तेव्हा कोठे आतल्या बाजूस जीपी-१३०ला चिकटलेली जॅक नावाची विकरे परस्परांच्या निकट येतात, एकमेकांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात, आणि स्टॅट-३ हे प्रथिन ती खूण घेऊन पेशीकेंद्राकडे निघते.

यात एक मौजेची गोष्ट आहे. जीपी-१३० बहुतेक सर्व पेशींवर असते, खास ग्राहक मात्र यकृताच्या व काही श्वेत पेशींवरच. परंतु त्या ग्राहकाचे सुटे तुकडे रक्तात फिरतात, आणि दुताला घेऊन ज्या पेशीशी त्याचा काही संबंध नाही तिच्याही दारी जातात. दाह सर्वदूर पसरतो तो असा.

यावर उपाय म्हणजे दाराशी दुसऱ्याच कोणाला बसविणे. जपानमध्ये घडविलेले टोसिलिझुमॅब हे प्रतिद्रव्य इंटरल्यूकिन-६च्या ग्राहकावरच बसते. बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने हवाना येथील आण्विक प्रतिरक्षाशास्त्र केंद्राच्या सहकार्याने तयार केलेले इटोलिझुमॅब निराळी वाट धरते. टी-पेशींवरील सीडी-६ या ग्राहकाच्या अगदी टोकाच्या भागाला ते चिकटते. त्यामुळे टी-पेशींची उत्तेजना मंदावते, आणि निरोप मुळातच कमी निघतात. दूत अडविण्याऐवजी दूत धाडणाऱ्यालाच शांत करण्याची ही युक्ती अधिक चतुर म्हणावी लागेल. सोरायसिस या त्वचारोगासाठी तिला भारतात २०१३ साली मान्यता मिळाली.

जुलै २०२० मध्ये करोनाच्या रुग्णांसाठीही या औषधाच्या मर्यादित, आणीबाणीच्या वापरास अनुमती देण्यात आली. तिच्या आधाराला होती अवघ्या ३० रुग्णांवरील चाचणी; त्यांतल्या २० जणांना औषध दिले होते. या अनुमतीवर वाद झाला, आणि तो अकारण नव्हता. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत टोसिलिझुमॅब ४,११६ रुग्णांवर पारखले गेले. २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ३१ दगावले, न मिळालेल्यांपैकी शेकडा ३५. शंभरांत चौघांचा हा फरक तीस माणसांच्या चाचणीत डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते.