रुचिविमुखता
एखादा पदार्थ खाल्ल्यानंतर मळमळ वा आजार उद्भवल्यास त्या पदार्थाच्या चवीविषयी प्राण्याच्या ठिकाणी निर्माण होणारी टिकाऊ घृणा. हा अभिजात अभिसंधानाचा एक प्रकार होय. यात चव हे अभिसंधित उद्दीपक असते, तर आजार उत्पन्न करणारे विष किंवा प्रारण हे स्वाभाविक उद्दीपक असते.

पाव्हलॉव्ह यांच्या पद्धतीच्या अभिसंधानात दोन उद्दीपके थोड्या अंतराने व बहुधा अनेकवार एकत्र यावी लागतात. रुचिविमुखता मात्र एकाच अनुभवाने आणि काही तासांच्या अंतरानेही जडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये दाखविले की, सॅकॅरिनचे पाणी पीत असता गॅमा किरणांचा मारा झालेले उंदीर पुढे ते पाणी टाळतात. १९६६ मध्ये गार्सिया व केलिंग यांनी चवीला प्रकाश व आवाज यांची जोड दिली. आजारी पडलेल्या उंदरांनी चव टाळली. विजेचा धक्का बसलेल्यांनी प्रकाश व आवाज टाळला. कोणतेही उद्दीपक कोणत्याही परिणामाशी सारख्याच सुलभतेने जोडता येते, हे गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले.

शेतकऱ्याला हीच गोष्ट निराळ्या रीतीने जाणवते. झिंक फॉस्फाइडापासून जठरातील आम्लामुळे फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो व उंदीर लवकर अस्वस्थ होतो. अपुरी मात्रा पोटात गेलेला उंदीर वाचतो आणि त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. उंदराला ओकारी देता येत नाही, हे लक्षात घेता ही सावधगिरी त्याला जीवरक्षकच ठरते. म्हणून आधी दोनतीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून उंदरांना त्याची सवय लावतात व मग ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग विष असे मिश्रण घालतात. पहिल्याच वेळी पुरेशी मात्रा पोटात जावी, हा त्यामागील हेतू. ब्रोमॅडिओलोनासारख्या रक्त गोठू न देणाऱ्या विषांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. इतक्या अंतराने खाणे व आजार यांचा संबंध उंदराला जोडता येत नाही.

पक्ष्यांत चवीबरोबर रंगही या शिक्षणात भाग घेतो. मारुतीला शनिवारी रुईच्या पानांचा हार घालतात. पुण्यातील नारायण पेठेसारख्या दाट वस्तीतील देवळांतही ही पाने येतात. त्याच रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि तिच्या चिकातील विषारी द्रव्ये काही अंशी शरीरात साठवितात. असे फुलपाखरू एकदा खाऊन पाहिलेला पक्षी पुढे त्या नारिंगी-काळ्या पंखांच्या वाटेस सहसा जात नाही. छोटा चांदवा या जातीची मादी विषारी नसूनही हुबेहूब तशीच दिसते व पक्ष्याच्या या अनुभवाचा लाभ घेते.