शुभ दिन, शुभ दीन

नगर शहरात (दप्तरी आता ते अहिल्यानगर झाले आहे) डिसेंबर सरता सरता अशी थंडी पडते की सकाळचे नऊ वाजले तरी अंगावरची शाल सोडवत नाही. अशाच एका पंचवीस तारखेला तेथील एका मराठी चर्चच्या शेवटून दुसऱ्या बाकावर बसून मी नाताळची उपासना ऐकली. पहिले गीत विलायती चालीचे होते आणि मंडळी ते पुस्तकात नजर खुपसून, परीक्षेस बसल्याप्रमाणे, शिस्तीने म्हणत होती. मग पाळकसाहेबांनी दुसऱ्या गीताचा क्रमांक पुकारला, पेटीवाल्याने भाता मोकळा केला, तबला बोलू लागला, आणि पाळण्याची चाल उठताच माझ्या शेजारच्या नऊवारीतल्या आजींनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. गीत त्यांना पाठ होते हे उघडच आहे; परंतु नुसत्या पाठांतराने मान तशी डोलत नाही.

ह्या दोन चालींमधील अंतराला इतिहास आहे. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले, 1831 मध्ये त्यांनी नगरास ठाणे दिले, आणि उपासनेस गाणे हवे म्हणून स्वदेशातल्या स्तोत्रांच्या चाली जशाच्या तशा कायम ठेवून त्यांत मराठी शब्द बसविण्याचा शिरस्ता पडला. हेतू निर्मळ होता. अडचण छंदाची होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते, तर आपले ऱ्हस्वदीर्घाच्या मापावर. त्यामुळे परक्या चालीतला लांबलेला स्वर मराठीतल्या ऱ्हस्व अक्षरावर येऊन पडला की ते बिचारे ताणले जाते आणि 'शुभ दिनी' म्हणावयास गेलेल्या भाविकाच्या तोंडून 'शुभ दीनी' बाहेर पडते. गोठ्यात जन्मलेल्या बाळाविषयी हा अर्थही अगदीच गैरलागू नाही, असे एखादा मिस्कील पाळक म्हणेल. परंतु देवाच्या 'सुता'चा 'सूता'शी संबंध जोडला गेला की तोही बचाव उरत नाही.

ह्यावर तोड निघाली ती कीर्तनाच्या वाटेने. नगरकडच्या कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्तकथा कीर्तनात आणली. पण उपासनेचे गाणेच ज्यांनी मराठी केले ते नारायण वामन टिळक. 'फुलांमुलांचे कवी' ह्या पाठ्यपुस्तकी बिरुदाने त्यांच्यावर अन्यायच केला आहे, असे मला वाटते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणस्थ ब्राह्मण नगरास येऊन राहिला तो अभंग, ओवी, साकी, दिंडी हा सारा सरंजाम बरोबर घेऊनच. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि आल्या वाटेचा पूल मोडून टाकण्याची त्यांना गरज वाटली नाही. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' ह्या गीतपुस्तकात आजही त्यांच्या गीतांचा भरणा मोठा आहे. ख्रिस्तजन्माला ओवी काही नवी नव्हती म्हणा. पाद्री थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 सालीच गोव्यात छापले गेले होते.

आणि सगळ्या सणांत नाताळलाच ही चाल इतकी सहज का मानवली, ह्याचे कारण मला आपल्या उत्सवांत दिसते. देवाचा जन्म कसा साजरा करावा, हे मराठी घराला कोणी शिकवावे लागत नाही: रामनवमीस भर दुपारी बारा वाजता आणि गोकुळाष्टमीस मध्यरात्री कीर्तनकार जन्माच्या आख्यानावर येतो, पाळण्याची दोरी हलते, बायका पाळणा म्हणतात. नाताळच्या मध्यरात्रीस तोच साचा तयार मिळाला. बाळ निराळे, अंगाईचा झोका तोच. हे 'देवळातले' म्हणून नाक मुरडणारे वडीलधारे होते, आणि आज गिटार-कीबोर्डवाल्या तरुणांना तेच 'जुनाट' वाटते. दोन्ही तक्रारींतून पाळणा तगला आहे.

माझ्याकडे पुस्तक नाही हे आजींच्या ध्यानात आले. "घ्या दादा, मला लागत नाही," असे म्हणून त्यांनी आपले पुढे केले. पाळण्याच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने 'काळी एक' असे लिहिलेले होते. मी तेथे बोट ठेवलेले पाहून त्या हलकेच म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं अक्षर. पेटीवर तेच असायचे."