मोठ्या चाकांचे अर्थकारण

अमेरिकेत दूरच्या प्रवासासाठी बनविलेल्या मोटारसायकलींचा एक स्वतंत्र वर्ग आहे. वारा अडविणारा रुंद मुखवटा, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, ऐसपैस आसन आणि पावणेचारशे किलोंच्या घरातले वजन, असा त्यांचा थाट. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९६५ मध्ये आणलेली ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ ही त्यांतली सर्वपरिचित गाडी. कारखान्यातून निघताना या वर्गातील गाडीचे पुढचे चाक साधारणतः १६ ते १९ इंचांचे असते. हौशी मालकांनी मात्र तेथे आधी २१ इंची, मग २३ इंची, पुढे २६ आणि ३० इंचीदेखील चाक बसविण्याचा सपाटा लावला आहे. गाडी प्रवासासाठी घ्यावयाची आणि ती प्रवासाला कमी लायक होईल अशा बदलांवर पुन्हा पैसा ओतावयाचा, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे.

कमी लायक कशी, ते पाहू. एवढे मोठे चाक मूळ चौकटीत मावत नाही. मग चौकटीचा हँडल पेलणारा भाग कापून, अधिक कलता करून पुन्हा जोडावा लागतो. मूळचा सुमारे २६ अंशांचा कल त्यामुळे बराच वाढतो. हँडलचा अक्ष खाली वाढविला तर तो जमिनीला जेथे मिळेल तो बिंदू आणि टायर जमिनीला टेकतो तो बिंदू, यांतील अंतर या खटाटोपात बदलते. गाडी सरळ धावते की डळमळते, वळणावर हँडल हलके राहते की जड होते, हे बव्हंशी त्या अंतरावर ठरते. कसबी कारागीर फोर्क धरणाऱ्या पट्ट्यांचा कोन बदलून ते अंतर पुन्हा जुळवितो. अर्धकच्चा कारागीर वेल्डिंग करून मोकळा होतो. शिवाय रिम वाढते तशी टायरची भिंत बुटकी होते. खड्ड्याचा जो मार रबराने सोसावयाचा तो रिमवर बसतो. पुढचे चाक मोठे, मागचे तेवढेच, अशा स्थितीत दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करून ब्रेक आवरणाऱ्या यंत्रणेचे गणितही बिघडते. आणि हे सारे उभ्या गाडीकडे पाहून कोणालाही कळत नाही. दोन्ही कारागिरांच्या गाड्या सारख्याच देखण्या दिसतात.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. हा गृहस्थ जन्माने विस्कॉन्सिन राज्यातला, आणि हार्ले-डेव्हिडसन १९०३ मध्ये त्याच राज्यातील मिलवॉकी शहरात निघाली, हा योगायोग मौजेचा खरा. चाकांच्या या चढाओढीला त्याचा सिद्धान्त चपखल लागू पडतो. शेजाऱ्याने २३ इंची बसविले की आपले २१ इंची चाक आपोआप जुने होते. सर्वांनी ३० इंची बसविले की कोणीच उठून दिसत नाही, खर्च मात्र प्रत्येकाचा झालेला असतो. तथापि एवढ्यावर हौशी मंडळींना मूर्खांत काढणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. पोळ्याला बैलाची शिंगे रंगविणारा शेतकरी किंवा ट्रकच्या पाठीवर वेलबुट्टी काढून घेणारा ड्रायव्हर उपयुक्ततेचा हिशेब करीत नसतो. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो वस्तूंतली एक ‘आपली’ करण्याची ही धडपड आहे. कंपन्यांनी ती फार लवकर ओळखली. हार्लेने तर १९९९ पासून खास सजविलेल्या गाड्यांचा स्वतःचा विभागच चालविला. याच कंपनीने विकलेल्या, इंजिनाची मूळ जुळणी बदलणाऱ्या उपकरणांमुळे धुराची मर्यादा ओलांडली जाते म्हणून अमेरिकी पर्यावरण संस्थेने कारवाई केली, तेव्हा २०१६ मध्ये कंपनीने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला. तेथे कायद्याचा हात गिऱ्हाइकाच्या आधी विक्रेत्यापर्यंत पोचला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे काय घडते? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. सदोष सुटे भाग विकणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे; परंतु रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांची छायाचित्रे जशी वारंवार छापून येतात, तशी ते विकणाऱ्या दुकानांवरील कारवाईची येत नाहीत.

आवाजाबाबत कडकपणा हवाच. वर्गात मागणीची लवचिकता समजावून सांगत असताना बाहेरून एखादी बुलेट गेली की दोन वाक्ये फुकट जातात, आणि त्या वाक्यांची किंमत चालकाच्या हिशेबात कोठेच येत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल असताना इस्पितळातल्या रुग्णाने तो भुर्दंड का सोसावा? चाकांचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, कारण त्याला आवाज नसतो. वेगमापकाला माप देणाऱ्या चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढला तर काटा ६० दाखवितो आणि गाडी ६३ ने धावत असते. मागे बसलेल्या बहिणीला वा मित्राला याची कल्पनाही नसते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला त्याचा मुद्दा येथे उपयोगी पडावा. माल चांगला की वाईट हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो चांगल्याची किंमत देत नाही, आणि चांगला माल बाजारातून हटतो. सरसकट बंदीने हेच होते. जो कारागीर कोन जुळवितो त्यालाही पावती देता येत नाही. तो आणि वेल्डिंग करून मोकळा होणारा, दोघे एकाच अंधारात. जर्मनीत सुट्या भागांना तांत्रिक तपासणीनंतर मान्यता मिळते आणि मोठे बदल वाहनाच्या कागदपत्रांत नोंदविले जातात. आपल्या ५२ व्या कलमातही इंधनबदलाचा संच आणि अपंगांसाठीचे फेरफार यांना वाट ठेवली आहेच. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे. रिम, फोर्क, ब्रेक यांसारख्या भागांची अशा संस्थेत चाचणी व्हावी, भागावर क्रमांक कोरला जावा, आणि परिवहन कार्यालयाने शुल्क घेऊन नोंदणीपुस्तकात त्याची नोंद करावी, एवढी सोय अशक्य नाही. शुल्क मात्र बेताचे हवे. पाच हजारांच्या दंडापेक्षा ते महाग पडले, तर मेकॅनिक आणि गिऱ्हाईक दोघेही दंडाचाच धोका पत्करतील.