एन्व्हायर्नमेंट चालू, पॅकेज मात्र बाहेरचे

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू असूनही पायथन बाहेरची जुनी पॅकेजे उचलतो, तेव्हा दोष बहुधा शोधाच्या क्रमात असतो. २०१२च्या पायथन ३.३पासून सोबत मिळणारे ‘व्हेन्व’ भिंत बांधत नाही; अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर त्याचा फोल्डर ‘पाथ’मध्ये सर्वांत पुढे येतो, इतकेच. म्हणून आधी पुरावा पाहावा. ‘सिस.एक्झिक्युटेबल’ कोणता पायथन चालतो आहे ते सांगते, तर पॅकेजचे ‘__फाइल__’ ते कुठून आले ते. पायथन बरोबर पण पॅकेज बाहेरचे असेल, तर ‘पायथनपाथ’ तपासावा. त्यातले फोल्डर एन्व्हायर्नमेंटमधल्या पॅकेजांच्या आधी शोधले जातात. एन्व्हायर्नमेंट पुसून नवे केले तर भागेल, असे कुणी म्हणेल. पण ‘पायथनपाथ’ हा व्हेरिएबल शेलमध्ये असतो, फोल्डरमध्ये नव्हे. तो तिथूनच काढावा लागतो.