सामन्याच्या आदल्या संध्याकाळी

गाण्याच्या शिकवणीत फुटबॉलचे काय काम, असे कोणी विचारील, आणि विचारणाऱ्याचे चुकले असेही मी म्हणणार नाही. पण आमच्या कलबुर्गीच्या घराला एक मोठा ओटा आहे. सकाळी त्यावर मुले पलटे घोटतात आणि संध्याकाळी शेजारची मंडळी येऊन बसतात. एकदा मंडळी बसली की विषय त्यांच्या मालकीचा, घरमालकाच्या नव्हे. कलबुर्गी हे नाव कागदोपत्री २०१४ च्या नोव्हेंबरात आले. ओट्यावर अजून गुलबर्गाच चालते.

२०२३ सालच्या मार्च महिन्याची ११ तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती आणि दुसऱ्याच दिवशी बंगळुरूला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीतला परतीचा सामना होता, बंगळुरू विरुद्ध मुंबई. आता गंमत अशी की त्या वर्षी उपांत्य फेरीत जे चार संघ उरले होते, त्यांत कलकत्त्याचा मोहन बागान सोडला तर उरलेले तीन होते बंगळुरू, मुंबई आणि हैदराबाद. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या मराठी माणसाला या तीन गावांची नावे एका दमात ऐकवून ‘यांतले तुझे कोणते?’ असे विचारून पाहावे. सरकारी कागद बंगळुरूचा, भाषा मुंबईकडची आणि आजोबांच्या आठवणी हैदराबादच्या. आळंद, भालकी, बसवकल्याणकडच्या घरांत हे तिन्ही धागे एकाच जाजमात विणलेले असतात.

ओट्यावर त्या दिवशी आमचे शेजारी अप्पा होते. रेल्वेत गार्ड म्हणून सगळा जन्म काढलेले, तेव्हा ऐंशीच्या घरात. आदल्याच वर्षी काकू गेल्या होत्या. रंगपंचमीच्या निमित्ताने त्यांचे दोन्ही मुलगे आले होते. थोरला बंगळुरूहून, धाकटा डोंबिवलीहून. निमित्त सणाचे खरे, पण अप्पांनी यापुढे कोणाकडे राहायचे हे ठरवायला ते आले आहेत, हे साऱ्या आळीला ठाऊक होते. तो विषय मात्र कोणी काढीत नव्हते. तीन दिवस झाले, दोघे फुटबॉलवरच बोलत होते.

परिस्थिती थोडक्यात सांगतो. सात तारखेला अंधेरीच्या मैदानावर बंगळुरूने मुंबईला १-० असे हरवले होते. सुनील छेत्री सुरुवातीला बाकावर होता. उत्तरार्धात आला आणि ७८ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्याने गोल करून मोकळा झाला. मुंबईचा संघ त्या हंगामात साखळीत पहिला आलेला, ओळीने अठरा सामने न हरलेला. त्याची ती माळ तोडली होती तीही बंगळुरूनेच, फेब्रुवारीत. शिवाय बंगळुरूने साखळीतले शेवटचे आठही सामने जिंकले होते. म्हणजे थोरल्याची बाजू भक्कम होती, आणि भक्कम बाजूचा माणूस जसा बोलतो तसाच तो शांतपणे बोलत होता.

“एक गोल हातात आहे. मागं तीन उभे करायचे, दोन्ही बाजूंचे आणखी दोन खाली ओढायचे, झाले पाच. येऊ द्या त्यांना अंगावर. थकले की छेत्रीला सोडायचा.”

“आणि तोवर बिपिन आणि छांगटे काय गोट्या खेळायलेत?” धाकटा म्हणाला. “मैदानाच्या दोन्ही कडांनी पळणारी पोरं आहेत आमची. तुम्ही पाच जण मधे गोळा झालात की कडा मोकळ्या. पहिल्या अर्ध्या तासात गोल होतोय बघ.”

मग दोघांनी अंगणातल्या कुंड्या हलवायला सुरुवात केली. तुळस राहिली गोलात. आमच्या सौभाग्यवतींचे शेवंतीचे रोप मुंबईकडून डाव्या कडेने धावले आणि त्याची एक फांदी मोडली, हा त्या दिवसाचा पहिला अपघात. पुढे वाद नियमांवर गेला. दुसऱ्याच्या मैदानावर केलेला गोल बरोबरीच्या प्रसंगी जड धरायचा, असा नियम पूर्वी पुष्कळ स्पर्धांतून असे. धाकट्याचा हिशेब त्यावर उभा होता. थोरल्याने सांगितले की युरोपातल्या मोठ्या स्पर्धांनी २०२१ साली तो नियम काढून टाकला आणि या स्पर्धेतही आता तो नाही. बेरीज सारखी झाली की जादा वेळ, आणि मग पेनल्टी. धाकट्याला ते पटेना. त्याने मोबाईल काढला, पाहिले आणि काही न बोलता खिशात ठेवला.

अप्पा इतका वेळ अडकित्त्याने सुपारी कातरीत होते. मी विचारले, “अप्पा, तुम्ही कोणाचे?”

“माझा सामना परवा आहे,” ते म्हणाले.

परवा, म्हणजे सोमवारी, कलकत्त्याला हैदराबाद विरुद्ध मोहन बागान. पहिला सामना ०-० झाला होता. दोन्ही मुलगे हसले, पण मला हसू आले नाही. कारण हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. फक्त माणसे वेगळी होती.

माझे वडील हैदराबादच्या दरबाराच्या पदरी तबला वाजवीत. सप्टेंबर १९४८ नंतर दरबार राहिला नाही, तेव्हा ऐन तारुण्यात ते गुलबर्ग्याला आले आणि शिकवण्या करू लागले. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा. त्यामुळे त्यांच्या तारुण्याच्या गोष्टी मला दंतकथेसारख्या ऐकू आल्या. त्यांतली सर्वांत मोठी दंतकथा म्हणजे हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ. १९५० साली दिल्लीला मोहन बागानला हरवून त्यांनी डुरंड कप घेतला आणि मुंबईचा रोव्हर्स कप १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही. मुंबईची गाडी वाडीवरून गुलबर्ग्याला येते आणि पुढे सोलापूरला जाते. रोव्हर्सला निघालेली पोलिसांची पोरे पाहायला स्टेशनवर किती गर्दी होई, हे वडील सांगत. तो आकडा वडिलांच्या वयाबरोबर वाढत गेला, हेही नमूद केले पाहिजे.

या संघामागे सय्यद अब्दुल रहीम होते, मूळचे शाळामास्तर. वडिलांना त्यांचे फार कौतुक, आणि ते एका शिकवणाऱ्याला दुसऱ्याचे असावे तसे. रहीमसाहेब नुसत्या कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा घेत. चेंडू पायाशी खेळवीत बसायला बंदी असलेल्या स्पर्धाही घेत, म्हणजे आला की दिलाच पाहिजे. वडील म्हणत, डाव्याचा रियाज वेगळा करून घेतल्याशिवाय तबलजी होत नाही, हे या माणसाला मैदानावर कळले. त्यानंतर आम्हा पोरांना अर्धा तास नुसता डग्गा वाजवावा लागे. रहीमसाहेबांच्या थोरवीचा हा आमच्या घराला झालेला त्रास.

आता मूळ वाद. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले. बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, हैदराबाद शहर आंध्रात आणि मराठवाडा मुंबई राज्यात. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. गुरू हैदराबादचे रहीमसाहेब आणि तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे! तो दिवस आळीला फार सोपा गेला, सगळेच आपले. पण संतोष ट्रॉफीच्या १९५६-५७ च्या हंगामात अंतिम सामन्याला समोरासमोर आले ते हैदराबाद आणि मुंबई, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच दोघे. म्हैसूरचा संघही त्या काळी काही हलका नव्हता. १९५२-५३ ची ट्रॉफी त्यांच्याकडे होती. तो असता तर नव्या राज्याचे म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहता आले असते, निदान तसे सांगता आले असते. तीही सोय उरली नाही.

आळीतले एक शिक्षक मुंबईच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे, आपण मराठी, मग आपला संघ मुंबई. वडील म्हणत, पगार देऊन ज्याने तबला वाजवायला लावला ते माझे गाव. त्यावर शिक्षक म्हणत, तो पगार आता आहे कुठे? मग हे बोलणे जिव्हारी लागू नये म्हणून दोघेही घाईघाईने डावपेचांवर येत. कोण कोणाला अडवणार, पुढची फळी चेंडू किती वेळ ठेवणार, मध्यफळीतला कोण मागे जाणार. रात्री अकरापर्यंत चाले. हैदराबादने दोन्ही वेळा मुंबईला हरवले. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने वर्तमानपत्र येई, ते आणायला स्टेशनवर पळणारा चौदा वर्षांचा पोरगा म्हणजे हे आमचे अप्पा. वर्तमानपत्र प्रथम शिक्षकांच्या घरी द्यायचे, अशी माझ्या वडिलांची सक्त ताकीद होती. हरलेल्याने आधी वाचावे.

असो. तर त्या शनिवारी अप्पांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, “तुम्ही दोघे पुढच्या पोरांवरच बोलायलात. मागच्यांचं काय?”

“मागचे अडवतात, अप्पा,” थोरला म्हणाला.

“जर्नैलसिंग काय करीत होता?”

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट ओट्यावर नवी नव्हती. जर्नैलसिंग बचावाचा माणूस. थायलंडविरुद्ध डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवायच्या ऐवजी थेट आघाडीला उभे केले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, आणि ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जींच्या पाठोपाठ दुसरा गोल त्याचाच. सामना २-१, सुवर्णपदक. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. ही गोष्ट सांगताना वडिलांचा आवाज बदलत असे. जन्मभर गवयाच्या मागे बसून ठेका धरलेल्या माणसाला जर्नैलसिंगमध्ये काय दिसत असेल, हे मला पुष्कळ उशिरा समजले. साथीला बसलेल्याला कोणीतरी एकदा पुढे बोलावले होते.

“ते दिवस गेले, अप्पा,” धाकटा म्हणाला. सभा तेथे संपली.

रविवारी रंग खेळून झाला. बंगळुरूचा निळा गडद आणि मुंबईचा फिका. दोघे भाऊ तोंडाला आपापला निळा फासून टीव्हीसमोर बसले आणि घामाने थोड्याच वेळात सारखे दिसू लागले. आरंभीच मुंबईला पेनल्टी मिळाली, ती गुरप्रीतने अडवली. मग बंगळुरूच्या हावी हर्नांडेझने २२ व्या मिनिटाला गोल केला. थोरल्याचे पाच जण मागे ठेवायचे गणित जुळले असे वाटले, तोच ३० व्या मिनिटाला बिपिनने बरोबरी साधली. धाकट्याने अर्ध्या तासात म्हटले होते, ते अक्षरशः खरे झाले. आणि ६६ व्या मिनिटाला मुंबईचा दुसरा गोल केला मेहताबसिंगने. मेहताब बचावाचा खेळाडू. अप्पांनी माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाही.

दोन सामन्यांची बेरीज २-२. जुना नियम असता तर मुंबई जिंकली होती. जादा वेळेत काही झाले नाही. पेनल्टी सुरू झाल्या त्या थांबेनात. दहा वाजून गेले, आठ-आठ झाल्या. नववी मारायला आला मेहताब. गुरप्रीतने ती अडवली. मग बंगळुरूकडून पुढे आला संदेश झिंगन, तोही मागचाच माणूस, आणि त्याने चेंडू जाळ्यात घातला. ९-८.

थोरला उठून नाचला नाही. धाकटा गप्प बसला होता, त्याच्याजवळ जाऊन तो बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “अप्पांना उन्हाळ्यात तुझ्याकडे ने. आमच्याकडे दिवाळीनंतर.” धाकटा म्हणाला, “अप्पांना विचारलं का?” तीन दिवसांत ही पहिलीच गोष्ट ते फुटबॉलवाचून बोलले.

अप्पा झोपायला गेले होते.

सोमवारी रात्री दोन्ही मुलगे आपापल्या गाडीने गेल्यावर अप्पा माझ्याकडे आले. हैदराबाद आणि मोहन बागान पुन्हा ०-०, आणि पेनल्टीत हैदराबाद ४-३ असे हरले. अप्पा म्हणाले, “डुरंडचा वचपा काढला लेकांनी. त्र्याहत्तर वर्षं लागली.” दोघांत मिळून आम्ही चहा केला.

अप्पा उन्हाळ्यात डोंबिवलीला गेले, पंधरा दिवसांत परत आले. बंगळुरूला दोन दिवाळ्या जाऊन आले. अजून शेजारीच आहेत. २०२५ साली हैदराबादचा तो संघ दिल्लीला नेला गेला आणि त्याचे नावही बदलले; ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बघ मास्तर,” म्हणाले, “संघसुद्धा शेवटी दिल्लीला लेकाकडं राहायला गेला.”

मग ओट्यावरचे जाजम त्यांनी झटकले, पुन्हा घातले आणि आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात सुपारी कातरायला बसले.