फ्लॅशपुढचा श्रीखंडाचा डबा

मॅग्नेशियमची भुकटी पेटवून काळोखात फोटो काढता येतात, ही बातमी न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस यांनी 1887 मध्ये वाचली. भुकटी काडतुसात भरून पिस्तुलातून उडवावी लागे. रात्री दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत पिस्तूल घेऊन शिरणारा माणूस पाहून रहिवासी घाबरत. रीस यांनी पिस्तूल बाजूला ठेवलं, घरातला तवा उचलला आणि भुकटी त्यावर पेटवायला सुरुवात केली. त्या तव्यावरच्या उजेडात त्यांनी शहरातली गरिबी टिपली आणि 1890 मध्ये ती पुस्तकातून लोकांपुढे ठेवली. फ्लॅशची घरगुती साधनं म्हणजे हौशी लोकांचा पोरखेळ, असं मानणाऱ्यांनी हा तवा आठवावा.

खरा घोटाळा दुसरीकडेच आहे. फ्लॅशवर पांढरं काहीही चढवलं की सावली मऊ होते, अशी पुष्कळांची पक्की समजूत असते. मग श्रीखंडाचा पांढरा डबा कापून त्याची टोपी बनवली जाते. मोकळ्या मैदानात ही टोपी जवळजवळ काहीच करत नाही. सावली कडक पडणार की मऊ, हे ठरतं दिव्याच्या आकारावर. आणि तोही समोरच्या माणसाच्या जागेवरून दिवा जेवढा दिसतो, त्या आकारावर. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, पण 15 कोटी किलोमीटरांवरून तो टिकलीएवढा दिसतो. म्हणून वैशाखातल्या दुपारी सावलीची कड धारदार असते. आषाढात ढग दाटले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरून जाते. फ्लॅशचं तोंड जेमतेम सात सेंटिमीटर रुंद, डब्याची टोपी फार तर दहा; दोन मीटरांवरच्या चेहऱ्याच्या दृष्टीने दोन्ही ठिपकेच.

तरीही घरात हीच टोपी लावून काढलेला फोटो खरोखर सुधारतो. टोपी प्रकाश चौफेर उधळते आणि पांढरं छत, पांढऱ्या भिंती तो परत पाठवतात. दिव्याचं काम अख्खी खोली करते. निळ्या किंवा पोपटी भिंतींच्या खोलीत मात्र तोच रंग चेहऱ्यावर उतरतो.

म्हणून रद्दीतून काही उचलायचंच असेल, तर ते मोठं असावं. नव्या टीव्हीच्या खोक्यातून आलेला थर्माकोलचा पत्रा घ्यावा, तो माणसापासून मीटरभरावर उभा करावा आणि फ्लॅशचं तोंड त्याच्याकडे वळवावं. मग दिवा पत्र्याएवढा होतो. चित्रपटांच्या सेटवर वर्षानुवर्षं थर्माकोल वापरतात तो याच कारणाने. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारावा लागला, तेव्हा छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर टाकून परतलेल्या प्रकाशात चित्रण केलं. पडद्यावर तो उघड्या आकाशाचा उजेड वाटतो.

चमकी कागद पांढऱ्यापेक्षा सरस, हाही असाच एक समज. गुळगुळीत चमकी आरशासारखी वागते. छोट्या दिव्याचं छोटंच प्रतिबिंब परत देते. ती चुरगाळून पसरली तर बरी, पण साधा पांढरा पुठ्ठा हाताळायला सोपा. उलट प्रकाश आवळायचा असेल, तर काळ्या स्ट्रॉचे सारख्या लांबीचे तुकडे पुठ्ठ्याच्या चौकटीत दाटीने चिकटवावेत. तुकड्यांची लांबी दुप्पट केली की झोताचा कोन जवळपास निम्मा होतो. दुकानात मिळणाऱ्या ग्रिड नावाच्या जाळीमागेही हेच तत्त्व असतं.

या सगळ्यात प्रकाश खर्ची पडतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, 40 असलेला फ्लॅश आयएसओ 100 ला एफ/8 वर 5 मीटरपर्यंत पोचतो. टोपीने दोन स्टॉप प्रकाश खाल्ला, तर पल्ला अडीच मीटर. लेन्समधून येणारा प्रकाश मोजणाऱ्या टीटीएल पद्धतीत कॅमेरा ही तूट आपोआप भरून काढतो, पण फ्लॅशची ताकद शिल्लक असेपर्यंतच.

फ्लॅश क्षणभरच पेटतो म्हणून काही तापत नाही, हे अर्धसत्य आहे. पूर्ण ताकदीने एकामागून एक फोटो काढले आणि काळा कागद तोंडाला चिकटून असला, तर प्लास्टिक वितळू शकतं. मध्ये बोटभर अंतर हवं. स्टुडिओतल्या फ्लॅशमध्ये सतत जळणारा हॅलोजन दिवा असेल, तर त्याच्यापुढे थर्माकोल किंवा कागद लावूच नये. रीस यांच्या तव्याने दोनदा घर पेटवलं होतं आणि एकदा खुद्द त्यांना.

टाकाऊ डिस्पोजेबल कॅमेरा उघडून त्यातला फ्लॅश काढण्याचा मोह मात्र आवरलाच पाहिजे. सेल काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्टांचा साठा राहू शकतो आणि त्याचा झटका गंभीर इजा करतो. कपाटातला जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर चढवतानाही जपावं. काही जुन्या फ्लॅशच्या पायथ्याशी असलेल्या संपर्कबिंदूवर 200 व्होल्टांहून जास्त दाब असतो आणि त्याने आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. फ्लॅश चालू करून मधला बिंदू आणि कडेची धातूची पट्टी यांच्यातला दाब जाणकाराकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावा, कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतल्या मर्यादेशी तो ताडून पाहावा, आणि मगच फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवावा.